खरा चेंडू, उसना हात: एका ‘वास्तववादी’ गोल्फ गेमची चिकित्सा



मागच्या पोस्टमध्ये विश्वसनीयता, म्हणजे रिलायबिलिटी, झाली. आज वैधता. पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांना वैधतेचे प्रकार तोंडपाठ असतात: दर्शनी वैधता, आशय वैधता, निकष वैधता, संकल्पना वैधता. एका दमात म्हणून दाखवतात. पण मुलाखतीत पॅनेलने ‘तुमचं सिम्युलेशन वास्तववादी आहे हे कशावरून?’ असं विचारलं की गाडी अडते. मग उत्तर येतं, ‘सर, अगदी खऱ्यासारखं दिसतं.’

खऱ्यासारखं दिसणं म्हणजे दर्शनी वैधता, आणि ती चौघींत सगळ्यात कच्ची. एवढं पुस्तकात असतं. ती नेमकी कुठे गळते, ते मात्र कुणी दाखवत नाही. म्हणून आज एका व्हिडिओ गेमची चिकित्सा करू. गेम आहे ‘पीजीए टूर २के२१’. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात लुनेनबर्ग नावाचं छोटं बंदर आहे, तिथल्या एचबी स्टुडिओजने तो बनवला आणि ऑगस्ट २०२० मध्ये तो बाजारात आला. याच स्टुडिओने २०१४ पासून ‘द गोल्फ क्लब’ ही मालिका चालवली होती, २के२१ हा तिचाच पुढचा अवतार. वास्तववादी गोल्फ हवा असेल तर हा खेळा, असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं त्या मोजक्या गेमपैकी हा एक.

एक गोष्ट आधीच सांगते: मी गोल्फ खेळत नाही. येरवड्याच्या गोल्फ कोर्सचं कुंपण बसमधून दिसतं, तेवढीच माझी आणि त्या खेळाची ओळख. तुमच्यापैकी बहुतेकांचंही तसंच असणार. मग आपण याच्या खरेखोटेपणावर काय बोलणार? मला वाटतं, बरंच काही. ज्या गोष्टीला हात लावता येत नाही तिचं मॉडेल कितपत खरं आहे हे ठरवणं, हेच बहुतेक संशोधकांचं रोजचं काम असतं. भूजलाचं मॉडेल करणारा विद्यार्थी काही खडकाच्या भेगेत उतरत नाही.

आधी गेमची बाजू घेते. चेंडूच्या बाबतीत तो इमानदार आहे. क्लब चेंडूला टेकलेला असतो तो साधारण अर्धा मिलिसेकंद. सेकंदाचे दोन हजार तुकडे केले तर त्यातला एक. खेळाडूची वीस वर्षांची तालीम, त्याचे गुडघे, खांदे, मनगट, आदल्या रात्रीची झोप, सगळं त्या तुकड्यात मोजक्या आकड्यांत उतरतं: क्लबच्या डोक्याचा वेग, ते डोकं कुठल्या मार्गाने आलं, त्याचा पुढचा सपाट भाग, म्हणजे फेस, कुठे वळलेला होता, आणि चेंडू फेसच्या नेमक्या कुठल्या जागी लागला. त्यानंतर चेंडू खेळाडूचं काहीएक ऐकत नाही. तो हवेचं आणि गुरुत्वाकर्षणाचं ऐकतो.

आणि हवेतल्या चेंडूबद्दल आपल्याला भरपूर माहिती आहे. नियमानुसार त्याचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी. एडिंबरा विद्यापीठातले पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकातच दाखवून दिलं की चेंडू इतका वेळ हवेत राहतो तो उलट्या फिरकीमुळे, म्हणजे बॅकस्पिनमुळे. ती फिरकी चेंडूला वर उचलून धरते. (टेट साहेबांचा मुलगा फ्रेडी हा १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनचा हौशी विजेता. घरातच एवढा उत्तम नमुना मिळणारा संशोधक विरळा.) चेंडूवरचे खळगे हवेचा अडथळा कमी करतात, हेही पवनबोगद्यांत मोजून झालंय. हे सगळं समीकरणांत बसतं, आणि समीकरणं संगणकाला सोडवता येतात. २के२१ मध्ये वारा, उतार, गवताची उंची यांना चेंडू जसा प्रतिसाद देतो, तो बघताना भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला फारसं खटकणार नाही.

पण ‘खटकणार नाही’ ही अजून दर्शनी वैधताच झाली. जास्त भरवशाची चाचणी अशी: सरावाच्या मैदानावर एकच क्लब, एकच जोर, एकदा समोरून वारा आणि एकदा तितकाच वारा पाठीमागून. खऱ्या गोल्फमध्ये समोरचा वारा जेवढं अंतर हिरावून घेतो तेवढं पाठीमागचा वारा परत देत नाही. ज्याने कधी मैदान बघितलं नाही त्यालाही हा फरक तपासता येतो, कारण तो सिद्धांतातून येतो, डोळ्यांतून येत नाही. तुमच्या मॉडेलसाठी अशी एक तरी चाचणी शोधा, जिचं उत्तर आधी कागदावर लिहिता येईल आणि जी मॉडेलला तोंडावर पाडू शकेल.

आता हात. माझी खरी तक्रार इथे आहे.

२के२१ मध्ये कंट्रोलरवरची उजवी स्टिक मागे खेचली की पडद्यावरचा खेळाडू क्लब मागे नेतो, पुढे ढकलली की क्लब खाली येतो. गेम मुख्यतः दोन गोष्टी बघतो: स्टिक सरळ रेषेत गेली का, आणि खाली येतानाचा ताल बरोबर होता का. उजव्या हाताच्या खेळाडूने घाई केली तर चेंडू डावीकडे जातो, रेंगाळला तर उजवीकडे. हे खेळताना फार छान वाटतं. अंगठा मागे-पुढे जातो, पडद्यावर शरीर वळतं, आणि दहा-बारा होल झाले की आपल्याला स्विंग जमू लागल्याचा भास होतो.

याच्याशेजारी एक जुना गेम ठेवून बघा. १९८४ साली निन्तेन्दोने ‘गोल्फ’ नावाचा साधा गेम काढला. त्याचं प्रोग्रॅमिंग सातोरू इवाता यांनी केलं होतं, जे पुढे त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यात एक पट्टी आणि एक बटण. एकदा दाबलं की पट्टीवरची खूण सरकू लागते, दुसऱ्यांदा दाबलं की जोर ठरतो, तिसऱ्यांदा दाबलं की अचूकता. तिसरं बटण खुणेवर बसलं नाही की चेंडू वाकडा. पुढे कितीतरी वर्षं गोल्फचे गेम याच तीन टिचक्यांवर चालले.

आता मॉडेल म्हणून या दोघांची तुलना करा. दोन्हींमध्ये वेळेची चूक घेतली जाते आणि तिचं रूपांतर दिशेच्या चुकीत होतं. खऱ्या खेळात चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः फेसच्या कोनावरून ठरते. तो कोन अंगठ्याने मोजता येत नाही, म्हणून दोन्ही गेमनी त्याच्या जागी ताल बसवला. स्टिकमध्ये मार्गाचं एक जादा मोजमाप आहे, हे मान्य. तरी गाभा तोच. छत्तीस वर्षांत बदललं ते मुख्यतः हाताला काय वाटतं, ते.

संशोधनाच्या भाषेत याला प्रॉक्सी म्हणतात, बदली चल. विद्यार्थ्यांची अभ्यासातली गोडी मोजता येत नाही म्हणून हजेरी मोजायची, तसं. प्रॉक्सी वापरण्यात गैर काही नाही, सगळेच वापरतात. गैर होतं ते प्रॉक्सी इतकी हुबेहूब दिसू लागते तेव्हा, कारण मग ती बदली आहे हेच विसरायला होतं. तीन टिचक्यांना कुणी स्विंग समजत नाही. स्टिकला समजतात. म्हणून मला, थोडं उलटं वाटेल, पण तीन टिचक्यांची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘२के२३’ मध्ये ती पर्याय म्हणून परतही आणली गेली. दर्शनी वैधता वाढली म्हणजे संकल्पना वैधता वाढतेच असं नाही. कधी कधी पहिली दुसरीचं तोंड झाकते.

गोल्फच्या गेममध्ये एवढंच होईल की चेंडू पाण्यात जाईल. पण तुमच्यापैकी कुणी नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी इंजेक्शनचं सिम्युलेटर बनवत असेल, कुणी गाडी शिकवणारं. तिथे पडद्यावरची कातडी किती खरी दिसते याला महत्त्व नाही. सुई किती खोल गेली हे हाताला कळलं, की पडद्यावरच्या हिरव्या दिव्याला? शिकणारी मुलगी हिरव्या दिव्यात तरबेज झाली आणि वॉर्डात दिवा नसेल, तर?

इथे हमखास उत्तर येतं: ‘आम्ही तज्ज्ञांकडून तपासून घेतलंय.’ उत्तम. पण तज्ज्ञांवरही किती विसंबायचं ते गोल्फच सांगतो. वर्षानुवर्षं गोल्फचे शिक्षक शिकवत आले की चेंडू आधी क्लब ज्या मार्गाने आला त्या दिशेने निघतो आणि मग फेसच्या दिशेकडे वळतो. रोज शेकडो फटके बघणारी माणसं ही. मग रडारने चेंडू आणि क्लब दोन्ही मोजले जाऊ लागले, आणि दिसलं की चेंडू निघतो तोच मुख्यतः फेसच्या दिशेने. डोळ्यांदेखत घडणारी गोष्ट, आयुष्यभर बघितलेली, आणि तिच्याबद्दलचा नियम चुकलेला. क्रिया जमणं आणि तिचं कारण माहीत असणं ही वेगळी कामं आहेत. तज्ज्ञांची सही घ्या, पण प्रस्तावात ती सही ‘वैधता सिद्ध झाली’ या वाक्याखाली ठेवू नका.

(जाता जाता: जानेवारी २०२५ पासून फ्लोरिडात टीजीएल नावाची स्पर्धा चालते. तिथे खरे व्यावसायिक खेळाडू खरा फटका भल्यामोठ्या पडद्यावर मारतात आणि पुढचं उड्डाण संगणक दाखवतो. म्हणजे हात खरा आणि मैदान उसनं. आपल्या गेममध्ये दोन्ही उसनं. ‘सिम्युलेशन’ हा एकच शब्द दोघांना चालतो, म्हणून तो शब्द लिहिताना त्यातलं काय खरं ठेवलंय आणि काय बदललंय ते पुढच्याच वाक्यात लिहावं.)

मग येतं ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं कातरलेलं गवत. इथे चेंडू उडवत नाहीत, घरंगळवतात. त्या हलक्या फटक्याला पट म्हणतात. खऱ्या खेळाडूचा सगळा वेळ इथे उतार वाचण्यात जातो. तो चेंडूमागे उकिडवा बसतो, होलच्या पलीकडून बघून येतो, तळपायाला उतार जाणवतो का ते अजमावतो. आणि एवढं करूनही तो अंदाजच असतो. २के२१ मात्र ग्रीनवर सरळ एक जाळी अंथरतो, आणि जाळीवरून ठिपके वाहतात. ज्या दिशेला ठिपके, त्या दिशेला उतार. ठिपके वेगात तर उतार जास्त.

मला ही जाळी गेममधली सगळ्यात मोठी फसगत वाटते. उताराचं गणित तिच्यात बरोबरच आहे. पण खेळाडूसमोरचा प्रश्न तिने बदलून टाकला. खऱ्या ग्रीनवरचा प्रश्न ‘अपुऱ्या पुराव्यावरून उतार किती असेल’ हा आहे. जाळी टाकली की तो ‘दिलेल्या उतारावर किती बाजूला मारू’ एवढाच उरतो. पहिला अनुमानाचा, दुसरा आकडेमोडीचा. गंमत म्हणजे खऱ्या खेळाने नेमकी उलटी वाट धरली. व्यावसायिक खेळाडू ग्रीनच्या उतारांचे तपशीलवार छापील नकाशे खिशात घेऊन फिरू लागले होते. २०२२ च्या सुरुवातीपासून पीजीए टूरने त्यांच्यावर निर्बंध आणले. कारण हेच, की ग्रीन वाचणं हा कौशल्याचा भाग आहे, ते कागदाने वाचून देऊ नये. ज्या टूरचं नाव गेमवर आहे तिने मैदानावर जे आवरलं, ते गेममध्ये फुकट मिळतं.

जाळी सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. बंद करून खेळा. गेम अचानक अवघड, थोडा कंटाळवाणा आणि माझ्या मते दुप्पट चांगला होतो. सावल्या बघाव्या लागतात, कॅमेरा खाली आणावा लागतो, आधीचा चेंडू कुठे वळला होता ते आठवावं लागतं. चित्र तेच, भौतिकशास्त्र तेच, पण आता डोक्यात जे चालतं ते खऱ्या खेळाडूच्या डोक्यात चालणाऱ्या गोष्टीच्या बरंच जवळ आहे. प्रयोग आखणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा: तुम्ही सहभागी व्यक्तींना सोय म्हणून जी माहिती पडद्यावर देता, तिने त्यांचं काम बदललं तर नाही ना?

राहिली भीती. फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास या कोर्सचा सतरावा होल गेममध्येही आहे. जेमतेम १३७ यार्ड, म्हणजे सव्वाशे मीटर, पण ग्रीनच्या चहूबाजूंनी पाणी. कोर्स बांधताना तिथली वाळू इतकी उपसली गेली की खड्डाच झाला, तेव्हा वास्तुरचनाकार पीट डाय यांच्या पत्नी ॲलिस डाय यांनी सुचवलं की ग्रीनचं बेटच करून टाकू. मोठमोठे खेळाडू तिथे चळचळ कापतात. सोफ्यावर बसून मी कापत नाही. गेम हरवू शकतो, पण घाबरवू शकत नाही, असं म्हणून हा मुद्दा संपवता आला असता.

पण तो तसा संपत नाही. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइत्झर यांचा २०११ सालचा एक शोधनिबंध आहे, ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आलेला, शीर्षकातच प्रश्न आहे की टायगर वूड्स नुकसानाला घाबरतो का. पार म्हणजे त्या होलसाठी अपेक्षित फटक्यांची संख्या. पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, एक जास्त म्हणजे बोगी. स्पर्धेत शेवटी एकूण फटके मोजतात, त्यामुळे बर्डीसाठीचा पट आणि पारसाठीचा पट यांची किंमत सारखीच: एक फटका. तरीही पंचवीस लाखांहून अधिक पट तपासल्यावर या दोघांना दिसलं की तितक्याच अवघड जागेवरून व्यावसायिक खेळाडू बर्डीचा पट पारच्या पटापेक्षा सुमारे दोन टक्के-गुणांनी कमी वेळा घालतात. पार हातातून जाणं हे नुकसान वाटतं, बर्डी हुकणं हा फक्त न मिळालेला फायदा. कानमन आणि ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट, इथे लाखो डॉलर पणाला लावणाऱ्या माणसांत सापडली.

म्हणजे ही भीती पाण्याची नाही, पैशाचीही पुरती नाही. ती कोपऱ्यात लिहिलेल्या एका आकड्याची आहे. तो आकडा गेमच्या पडद्यावरही असतो. तेव्हा सोफ्यावरच्या माणसाच्या अंगठ्यातही हा फरक दिसेल का? दिसला तर २के२१ चा सगळ्यात वास्तववादी भाग त्याच्या कुठल्याही प्रोग्रॅमरने लिहिलेला नाही, तो कंट्रोलर धरून बसलाय. एमएच्या लघुप्रबंधाला चांगला विषय आहे. कुणी घेणार असेल तर दोन-तीन गोष्टी आधीच सांगून ठेवते.

पहिली अडचण: पारचा पट बरेचदा त्या ग्रीनवरचा दुसरा पट असतो. पहिला मारताना उतार कळलेला असतो, त्यामुळे दुसरा जास्त वेळा जाणारच. मूळ अभ्यासात हे शिकणं वेगळं काढलं होतं, तुम्हालाही काढावं लागेल. सोपा उपाय म्हणजे दोन्हीकडून फक्त पहिले पट घ्यायचे.

दुसरी: पाच फुटांच्या आतले पट सोडा. ते जवळपास सगळेच जातात, त्यात फरक दिसायला जागाच उरत नाही.

तिसरी अडचण खरी आडवी येते. दोन टक्के-गुणांचा फरक पकडायचा, तोही निम्मे पट जातील अशा अंतरावर, तर नेहमीच्या निकषांनी, म्हणजे पाच टक्के सार्थकता पातळी आणि ऐंशी टक्के पॉवर धरून, प्रत्येक गटात जवळजवळ दहा हजार पट लागतात. दिवसाला शंभर पट मारले तरी एकट्या माणसाला सहा महिन्यांहून जास्त. तुमचा गाईड कितीही समजूतदार असला तरी हे त्याला सांगताना अवघड जाईल. म्हणून ‘गेला की नाही गेला’ हा चल सोडून द्या. त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण आहे: बर्डीचे पट खेळाडू जरा हळू मारतात, ते होलच्या अलीकडे थांबतात. तेव्हा प्रत्येक हुकलेला पट होलच्या किती अलीकडे किंवा किती पलीकडे थांबला, ते लिहा. हो-नाहीपेक्षा अंतरात जास्त माहिती असते, नमुना खूपच छोटा पुरतो. जाळी बंद ठेवा. आणि पहिला पट मारायच्या आधी वहीत लिहून ठेवा की एकूण किती नोंदवणार आहात, म्हणजे मधेच आकडे मनासारखे दिसले की थांबायचा मोह होणार नाही.